बाळंतिणीची कळ आणि माझी कंबर

खताचं पोतं उचलताना माझ्या कंबरेत चमक भरली, त्याला आता सात वर्षं झाली. पन्नास किलोचं पोतं काही पहिल्यांदा उचलत नव्हतो. पण त्या दिवशी पोतं खाली पडलं आणि मीही त्याच्याशेजारी बांधावर आडवा झालो. चौघांनी उचलून घरी आणला. तालुक्याच्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावले आणि मणक्याची गादी सरकलीय म्हणून सांगितलं. मग गोळ्या झाल्या, पट्टा झाला, व्यायाम झाले, आणि शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या पोराने एक छोटी मशीन दिली. टेन्स म्हणतात तिला. मोबाइलएवढी डबी, आत नऊ व्होल्टचा सेल, दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला चिकटपट्ट्या. पट्ट्या कंबरेला मणक्याच्या दोन्ही अंगाला लावायच्या आणि बटण हळूहळू फिरवायचं. मुंग्या धावल्यासारखं होतं. चालू आहे तोवर आणि नंतरही थोडा वेळ दुखणं मागं सरतं.

अडीच हजार रुपये गेले. घरात कुणी हूं की चूं केलं नाही. उलट मंडळीच म्हणाली, "घ्या की, तुमच्या जिवापरीस काय पैसं जास्त हायत?" हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात ही गोष्ट लागणार आहे.

शेतकऱ्याला करंटची भीती किती असते हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्याकडे रात्री दोनला लाइट येते, तेव्हा अंधारात, ओल्या पायाने जाऊन मोटरीचा स्टार्टर दाबायचा असतो. स्टार्टरच्या पेटीला चिकटून गेलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यातला एक माझ्या वर्गातला होता. रानडुकरांसाठी बांधावर झटका मशीन लावलं तेव्हा आमची म्हातारी आत्या आठ दिवस त्या बाजूला फिरकली नाही. अशा माणसाने स्वतःच्या पाठीला करंट लावून घेणं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी बटण मंडळीच्या हातात होतं. तिनं एकदम फिरवलं आणि मी अंथरुणावरून वीतभर उडालो. "अजून जास्त करू का?" म्हणाली. तेव्हापासून बटण माझ्याच हातात. किती सोसतंय आणि कुठं थांबायचं, हे ज्याचं दुखतंय त्यालाच कळतं.

तर ही मशीन घरात होती आणि थोरली लेक दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. थंडीचे दिवस होते, गहू गुडघ्याएवढा आला होता. दवाखान्यात नीट मोकळी झाली, टाके नाहीत, काही नाही. दोन दिवसांनी घरी आणली. मधल्या खोलीत बाज टाकली, शेगडी ठेवली. मंडळीनं अळीव भिजवले, शेपा-ओवा भाजला. आत्या खास बाळंतिणीचं करायला आठ दिवस राहायला आली. तिचा हात हलका, सारं गाव तिला बोलवायचं.

बाळ छातीशी लागलं की लेकीचा चेहरा पिळवटायचा. ओठ दाबून धरायची, बाजेची काठी घट्ट पकडायची. मी दारातून पाहिलं तेव्हा वाटलं, स्तन दुखत असतील. आत्या म्हणाली, "तसं न्हाई रं, पोटात कळ येतीया. पोर प्यायला लागलं की पोट आवळतंय. पहिल्या खेपंला कमी असतंय, पुढच्या येळंला जास्त. पिशवी जागंवर जातीया. चांगलं असतंय ते."

चांगलं असतंय ते. हे मी ऐकलं आणि निवांत झालो.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर लेक मला म्हणाली, "आप्पा, तुमची ती कंबरेची मशीन देता का जरा? माझी कंबर आन् ओटीपोट धरून आलंय."

मी म्हणालो, "अगं, ती कंबरेची हाय. बाळंतिणीला कोण करंट लावतंय का? दोन दिसांत बसतंय ते."

आत्यानं री ओढली. "आमच्या येळंला कुठं हुत्या मशिनी? कळा सोसल्याबगार आई हुतीया व्हय?"

लेक काही बोलली नाही. कूस बदलली. मी माझ्या खोलीत आलो. दिवसभर गव्हाला पाणी पाजलं होतं, कंबर ठणकत होती. कपाटातून मशीन काढली, पट्ट्या लावल्या, बटण फिरवलं आणि झोपलो. भिंतीपलीकडून मधेच तिचं "स्स्" ऐकू यायचं. बाळ रडायचं, मग ती कळ, मग शांत. मला झोप लागली. हे लिहिताना लाज वाटते, पण झोप लागली हे खरं आहे.

सकाळी मंडळीचा आवाज चढलेला. "लेकरू रडतंय, छातीशी धर की. एवढी कसली आळशी झालीस?" लेक दूध पाजायला टाळत होती. प्यायला लावलं की कळ येते, म्हणून ती जितकं लांबवता येईल तितकं लांबवत होती. तिसरा दिवस होता, म्हणून आशाताई बाळ बघायला आल्या. त्यांनी बाळाचं वजन केलं, नाळ बघितली. मग लेकीला विचारलं, ताप आहे का, अंगावरून किती जातंय, वास येतो का, पोट किती दुखतंय. शेवटच्या प्रश्नाला लेक रडायला लागली. आशाताई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "काका, डॉक्टरबाईंना दाखवून आणा."

डॉक्टरबाईंनी तपासलं. मग विचारलं, "शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही इतकं. तुझं किती?" लेकीनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "चार." बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. आत काय झालं ते मंडळीनं येताना गाडीत सांगितलं. मी बाहेर गेल्यावर लेक "आठ" म्हणाली होती.

त्या चार आणि आठच्या मधल्या आकड्यांवर मी पुष्कळ दिवस विचार केला. बापासमोर चार, बाप नसताना आठ. तिला वाटलं असेल, आप्पा म्हणतील नाटक करते. आणि मी खरंच म्हणालो असतो.

डॉक्टरबाईंनी मला परत आत बोलावून नीट समजावलं. बाळंतपणानंतर गर्भपिशवी आवळत आवळत पूर्वीच्या आकाराला येते, त्याला पाच-सहा आठवडे लागतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती जोरात आवळते. तशी आवळली नाही तर रक्त थांबत नाही. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईला ही कळ जास्त येते, कारण पिशवी ढिली पडलेली असते आणि सारखी आवळावी लागते. बाळ प्यायला लागलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, त्यानं दूध उतरतं आणि त्यानंच पिशवीही आवळते.

ऑक्सिटोसिन म्हटल्यावर मी चमकलो. म्हशी पाळणाऱ्या माणसाला हे नाव माहीत असतं. पारडू मेलेल्या म्हशीला पान्हा फुटावा म्हणून आमच्याकडं हेच इंजेक्शन चोरून वापरायचे. त्यावर बंदी आहे, तरी एकेकाळी सर्रास चालायचं. मीही टोचलं आहे, दोन-चार वेळा. म्हैस पाठ वाकवायची, शेपटी उचलायची, आणि आम्ही म्हणायचो, आता सोडेल दूध. तिच्या पोटात काय होत असेल हा विचार मनात आला नव्हता. दुधाची किटली तेवढी दिसायची.

बाईंनी अंगावर पाजणाऱ्या बाईला चालणाऱ्या गोळ्या दिल्या, आणि लघवी तुंबू देऊ नको, भरलेल्या लघवीच्या पिशवीनं कळ वाढते, असंही सांगितलं. मी भीतभीत मशीनचं विचारलं. त्या म्हणाल्या, "लावा की. कंबरेला, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. बटण तिच्या हातात राहू द्या, थोडंच ठेवा. टाके असते तर जखमेवर लावायची नाही. मानेला पुढून लावायची नाही. ज्यांच्या छातीत हृदयाची मशीन बसवलेली असते त्यांनी लावायची नाही. गोळीचा गुण जास्त खात्रीचा. मशीनचा कुणाला येतो, कुणाला येत नाही, त्यावर सगळ्यांचं एकमत नाही. पण तिला बरं वाटलं तर वाईट काय?"

घरी आल्यावर मी स्वतः पट्ट्या चिकटवून घ्यायला मंडळीला मशीन दिली आणि बटण लेकीच्या हातात. आत्या दारात पदर तोंडाला लावून उभी. अर्ध्या तासानं लेकीला विचारलं, कसं वाटतंय. ती म्हणाली, "दुखतंय तेवढंच आप्पा, पण मधे कायतरी हाय."

हे वाक्य ऐकल्यावर मी त्या मशीनबद्दल शोधून शोधून वाचलं. मेलझॅक आणि वॉल नावाच्या दोघांनी 1965 साली एक कल्पना मांडली. मेलझॅक कॅनडातला, वॉल इंग्रज. त्यांचं म्हणणं असं की दुखणं थेट मेंदूपर्यंत जात नाही, पाठीच्या कण्यात एक दार असतं. बारीक नसा दुखण्याची वर्दी आणतात, जाड नसा स्पर्शाची. जाड नसांकडून भरपूर वर्दी आली की दार लवतं आणि बारीक नसांचं म्हणणं कमी पोचतं. गुडघा आपटला की आपण चोळतो, ते यामुळंच. ही मशीन जाड नसांना सारखं डिवचत राहते. पुढं त्या कल्पनेत दुरुस्त्या झाल्या, पण दाराची गोष्ट टिकली.

मला हे वाचताना रात्रीचं दारं धरणं आठवलं. पाटाला पाणी असतं तेवढंच असतं. एका वाफ्याचं दार मोडलं की दुसऱ्याचं पाणी तुटतं. मशीन पाणी बंद करत नाही, ते दुसऱ्या वाफ्याला वळवते. "मधे कायतरी हाय" ते हेच असणार. आणि आमची आजी बाळंतिणीच्या कंबरेला फडक्यात गुंडाळून तापली वीट ठेवायची, तीही दारंच धरत होती. तिला नसांचं माहीत नव्हतं, एवढंच.

विटेवरून आईची आठवण आली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, धाकटा भाऊ झाला तेव्हाची. आई त्याला पाजायला घ्यायची आणि पदराचं टोक दातात धरायची. मला वाटायचं, आईला हा भाऊ आवडत नाही. मी त्याच्यावर उगाच राग धरून होतो, किती तरी दिवस. बारा दिवस झाले न झाले तोच आई जोंधळ्याच्या खळ्यावर होती. तिला किती दुखलं हे मला तिच्या हयातीत विचारता आलं असतं. ती माझ्या पन्नाशीपर्यंत होती.

आणि चुलती. 72च्या दुष्काळाच्या आदल्या साली ती बाळंत झाली. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पोटात दुखतंय म्हणायची. सगळ्या बायका म्हणाल्या, वायगोळा आहे, बसेल. ओव्याचं पाणी दिलं, शेक दिला. ताप आला तेव्हा म्हणाले, दुधाचा ताप आहे. ती दुखतंय म्हणायची थांबली, कारण म्हणून उपयोग नव्हता. अकराव्या दिवशी गेली. नंतर सगळ्यांनी बाळंतरोग हा शब्द वापरला. त्या पोराला माझ्या आईनं पाजलं. तो आता आमच्या सोसायटीत सचिव आहे.

मी माझ्या मनाशी एक भांडण बरेच दिवस करतो आहे. एक मन म्हणतं, हे दुखणं निसर्गाचंच आहे, पिशवी जागेवर जाण्यासाठी आहे, त्यात हात कशाला घालायचा? सगळ्याच कळा विझवायच्या म्हटलं तर माणूस कशाला सोसणार? आणि सोसणं हा काही फुकटचा गुण नाही. मी दुष्काळात सोसलं, म्हणून शेती टिकली. दुसरं मन म्हणतं, ऊनही निसर्गाचंच आहे, मग डोक्याला टॉवेल का गुंडाळतोस? तुझी गादी सरकली तीही निसर्गानंच सरकवली, वयोमानाप्रमाणे. तिथं का नाही म्हणालास की सोसल्याशिवाय शेतकरी होत नाही?

हे भांडण माझंच नाही. एडिंबरोच्या सिम्प्सन नावाच्या डॉक्टरनं 1847 साली बाळंतिणीला क्लोरोफॉर्म द्यायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या काही धर्मवाल्यांनी बायबल काढलं. वेदनेनंच बाईनं पोरं प्रसवावीत असं देवाचं सांगणं आहे म्हणाले. सिम्प्सननंही बायबलच काढलं आणि सांगितलं की आदमाची बरगडी काढताना देवानं त्याला आधी गाढ झोपवलं होतं. पुढं 1853 साली व्हिक्टोरिया राणीनं आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला, मग पुष्कळांची तोंडं बंद झाली. मला या गोष्टीत सिम्प्सनची हुशारी आवडते, पण खटकतं दुसरंच. आदमाला झोपवलं हे त्या धर्मवाल्यांनी वाचलेलं नव्हतं थोडंच! त्यांना ते दिसलं नव्हतं. मीही माझ्याच कंबरेला पट्ट्या लावून पलीकडच्या खोलीतलं "स्स्" ऐकत पडलो होतो.

सोसणं चांगलं की वाईट, याचा निकाल मला लागत नाही. पण सोसायचं कुणी ठरवायचं, इथं मात्र माझं मत आता पक्कं आहे. मी दुष्काळात सोसलं ते माझं मी ठरवलं होतं. जमीन विकून मुंबईला जाणारे गेले, मी राहिलो. लेकीनं त्या रात्री सोसलं ते मी ठरवलं होतं. उद्या एखादी बाई म्हणाली, मला गोळी नको, मशीन नको, मी अशीच निभावते, तर तिचा मान ठेवावा. ते तिचं बटण आहे. पण तिच्या वतीनं बापानं, सासूनं, आत्यानं "चांगलं असतंय ते" म्हणून बटण बंद ठेवायचं, हे सोसणं नव्हे. ते लादणं आहे.

आणि चुलतीमुळं मला आणखी एक वाटतं. दुखतंय म्हटल्यावर ज्या घरात "बसतंय ते" असं उत्तर मिळतं, तिथं बाई पुढच्या वेळी सांगत नाही. मग साधी कळ आणि जीवघेणी कळ यात फरक करायला कुणी उरत नाही. ताप, घाण वास, पोटऱ्या सुजणं, अंगावरून फार जाणं, यातलं काही असेल तर मशीनही नको आणि वीटही नको, थेट दवाखाना. पण हे कळण्यासाठी आधी तिनं सांगावं लागतं आणि आपण ऐकावं लागतं. आशाताईंनी नुसतं विचारलं, तर लेक रडली. तिला गोळीची गरज होती हे खरंच, पण ती रडली ते विचारल्यावर.

काही जण म्हणतील, म्हातारा भावनेला आला. आलो असेन. पण हिशेबाचं बोलायचं तर गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी लेक बाळाला वेळेवर पाजायला लागली. पाचवीच्या पूजेला ती बसली होती, हसत होती. गोळीनं किती आणि मशीननं किती, हे मला सांगता येणार नाही. लेकीलाही विचारलं, तर म्हणाली, "मशीन लावली की वाटायचं, माझ्या हातात कायतरी हाय."

आत्यानं जाताना मला बाजूला घेतलं. मला वाटलं, करंटबद्दल बोलणार. ती म्हणाली, "ते गुडघ्याला चालतंय का रं?" डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणालो. आता ती दर अमावास्येला येते, जेवते, गुडघ्याला पट्ट्या लावून अर्धा तास ओसरीवर बसते आणि सेल संपवून जाते.

लेक सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. संध्याकाळी मंडळी चुलीपाशी दूध तापवत होती. आमची तीन लेकरं, तिन्ही घरीच झाली, तिन्ही वेळा मी रानात किंवा कारखान्यावर. लग्नाला चाळीस वर्षं झाली. मी पाटावर बसलो आणि विचारलं, "तुला किती दुखलं हुतं गं, तवा?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता इचारताय व्हय? सरका जरा तिकडं, दूध उतू जाईल."